चुकलेला श्वास

ताई,

सिनेमाच्या इतिहासावर पुस्तक लिहिणारा तो माणूस काल अखेर आला. त्या गाण्याला आईचं नाव लागावं म्हणून तू वीस वर्षं पत्रं लिहिलीस, ते सगळं तिच्या एका होकारावर येऊन ठेपलं होतं. तिला हल्ली फारसं आठवत नाही, पण तिच्याशिवाय साक्षीला आता उरलंय कोण?

चित्रीकरणात नटीला ओठ हलवता यावेत म्हणून आईने ती प्रार्थना नुसती तात्पुरत्या ट्रॅकसाठी गायली होती. नंतर ती गाणार होती ती मोठी गायिका आलीच नाही. ट्रॅक तसाच राहिला, नाव मात्र त्या गायिकेचं लागलं. दुसऱ्या कडव्यात आईचा श्वास चुकलाय. शाळाशाळांत मुलं आजही तिथे तसाच श्वास चुकवतात.

त्याने गाणं लावलं. "आजी, हे तुम्हीच गायलंय ना? फक्त हो म्हणा."

"वेड लागलंय का रे? माणसाचा गळा असा असतो होय?"

"अगं आई, तूच गायलीस!"

"गप गं. प्रार्थना चाललीय." तिने हात जोडले.

त्याने 'नाही' लिहून घेतलं.

नंतर मी विचारलं, "काय मागितलंस?"

"जिने गायलं, त्या बाईचं भलं होऊ दे म्हटलं."

हे पत्र मी टाकणार नाही. तुझा फोन आला की सांगेन, तो पुस्तकवाला अजून आलाच नाही.

तुझी,
धाकटी