सायकलसायकल नसलेल्या दुकानाची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार दुकानावरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. लाडीगोडीही कोणी लावलेली नाही. लावली असती तर निदान बरे तरी वाटले असते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहून दिले नाही आणि मीही आग्रह धरला नाही.

मला दोन अपत्ये. थोरली मुलगी माझ्याबरोबर दुकानात काम करते. धाकटा मुलगा वाहन नोंदणीच्या कचेरीत साहेब आहे आणि कचेरीच्याच क्वार्टरमध्ये राहतो. गेले आठ महिने दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. त्याचे कारण सांगितल्याशिवाय वाटणी कळणार नाही, म्हणून ते आधी.

येत्या एक तारखेपासून सायकलवाल्यांनाही मोटारवाल्यांसारखी नोंदणी, नंबरपाटी, विमा आणि रस्त्याचा कर लागणार आहे. बिननंबरी सायकलला जे दुकान पाना लावेल त्या दुकानाला टाळे. हा नियम माझ्या धाकट्याने लिहिला. माझी गिऱ्हाइके म्हणजे शाळेतल्या बाई, पेपरवाला, इस्पितळातल्या नर्स. एक नर्सबाई सोडल्या तर यांतला एकही जण नंबर घ्यायला तयार नाही. म्हणजे टाळे आमच्याच दुकानाला. पोटचा पोरगा आईच्या दुकानाला टाळे लावतो आणि वर दर रविवारी फोन करून विचारतो, "आई, तब्येत कशी आहे?" आता काय सांगू, कपाळ!

कलम एक. दुकानातल्या सगळ्या घंट्या मी माझ्या नणंदेस देते. दोन वर्षांपूर्वी उलट्या बाजूने आलेल्या एका सायकलवाल्याने तिला उडवले. खुब्याचे हाड मोडले. तो मेला थांबलासुद्धा नाही. पाटी नव्हती, त्यामुळे सापडलाही नाही. धाकटा लहानपणी आत्याच्या अंगाखांद्यावर वाढलेला. इस्पितळात तिच्या उशाशी बसून तो म्हणाला होता, "आत्या, मी याचा बंदोबस्त करतो." तेव्हा त्याचा राग खरा होता, हे मी कबूल करते. रोग बरोबर ओळखला, औषध भलतेच दिले. नणंदेने यातली एक घंटी काठीला लावावी आणि पुढून कोणी उलटा आला की बिनधास्त वाजवावी.

कलम दोन. पायाने हवा भरायचा जुना पंप मी समोरच्या गाडीवाल्या शेजाऱ्यास देते. हे गृहस्थ पंधरा वर्षे त्यांची अवाढव्य गाडी माझ्या दारात उभी करतात. गिऱ्हाईक आडवे होऊन आत येते. नियमाच्या जाहीर सभेत तेच पहिले उठून म्हणाले, "रस्ता आमच्या करातून होतो, हे सायकलवाले फुकट वापरतात." मी तिथेच विचारले, "आणि माझा दरवाजा कुणाच्या करातून होतो हो?" सगळे हसले, हे मात्र हसले नाहीत. पंप सायकलचा आहे. त्यांच्या गाडीच्या चारही चाकांत त्याने हवा भरायला एक अख्खी सकाळ जाईल. तेवढा वेळ गाडी त्यांच्या स्वतःच्या दारात असावी, ही अट.

कलम तीन. नियमाबरोबर आलेल्या अर्जाची एक भरलेली प्रत मी इस्पितळातल्या नर्सबाईंस देते, कारण अर्ज त्यांचाच आहे. त्यांनी प्रामाणिकपणे नंबर घ्यायचे ठरवले आणि अर्ज भरायला माझ्याकडे आल्या. आम्ही दोघींनी मिळून तो असा भरला. इंजिन क्रमांक: बाईंची जन्मतारीख. इंधन: दोन वेळचे जेवण, रात्रपाळी असल्यास तीन. सायलेन्सर: नाही, बाई घोरतात. धुराची तपासणी: बाई धूम्रपान करत नाहीत. अर्ज परत आला. शेरा होता, "इंजिन क्रमांकाचा पुरावा जोडावा." त्यांनी जन्माचा दाखला जोडला. तो मंजूर झाला! असा देश चालतो आहे, आणि तो माझ्या मुलाच्या सहीने चालतो आहे.

सायकलच्या अर्जात इंजिन आले कुठून, हा प्रश्न मला पडला. म्हणून मी नियमांचे पुस्तक मागवले आणि चष्मा पुसून पहिल्या पानापासून वाचले. तिसऱ्या पानावर थबकले. तिथे छापले होते: "प्रत्येक सायकलसायकल रस्त्यावर आणण्यापूर्वी तिची नोंदणी करणे बंधनकारक राहील." पुढे वाचत गेले. सायकलसायकलचा विमा. सायकलसायकलचा कर. सबंध पुस्तकात नुसती सायकल अशी कुठेच नाही.

मी धाकट्याला फोन लावला.

"सायकलसायकल म्हणजे काय रे बाळा?"

तो म्हणाला, "आई, टायपिंगची चूक आहे."

"किती ठिकाणी?"

"एकेचाळीस."

मग हळूहळू बाहेर आले. वरिष्ठांना मसुदा आठ दिवसांत हवा होता. याने मोटारसायकलचे जुने नियम उचलले आणि संगणकाला सांगितले, मोटार दिसेल तिथे सायकल घाल. संगणक बिचारा आज्ञाधारक. मोटारसायकलमधली मोटार काढली, सायकल घातली, मागची सायकल होती तिथेच राहिली. वरच्यांनी न वाचता सह्या केल्या. "अभ्यासपूर्ण मसुदा" म्हणून याला बढती मिळाली. गल्लीत आता त्याला सायकलसायकल साहेब म्हणतात. मी ऐकून हसते आणि घरात येऊन मला वाईट वाटते.

आमचे वकीलसाहेब, जे स्वतः सायकलवरून कोर्टात जातात, म्हणाले, "आजी, सायकलसायकल नावाची वस्तू जगात नाही. तुम्ही एवढी एक ओळ हरकत म्हणून लिहून द्या, नियम कोसळला." मी विचारले, "आणि मग?" तर म्हणाले, "मग चौकशी. मसुदा कोणी केला, कसा केला. त्याची नोकरी काही राहत नाही." थोरली तिथल्या तिथे म्हणाली, "आई, सही कर." मी तीन आठवडे केली नाही. जेवण जाईना. एका हाताला दुकान आणि तिचे पोट, दुसऱ्या हाताला त्याचे. कुठला हात तोडून देऊ?

आता ठरवले आहे. त्याप्रमाणे पुढची दोन कलमे.

कलम चार. दुकान, पाने, हातोड्या, चाक सरळ करायचा स्टँड आणि पंक्चर पाहायचे घमेले मी थोरलीस देते. तिच्या हातांना सोळाव्या वर्षापासून ग्रीसचा वास येतो म्हणून सोयरिकी मोडल्या. तिने एकदाही तक्रार केली नाही. मीच केली, तिच्या वतीने, मोठ्याने. दुकान चालू राहावे म्हणून हरकतीच्या अर्जावर मी उद्या सही करणार आहे. मुदत संपायला चार दिवस आहेत.

कलम पाच. वरच्या दोन खोल्या मी धाकट्यास देते. हरकतीने त्याची नोकरी जाईल आणि नोकरीबरोबर क्वार्टर जाईल, ते माझ्या सहीने जाईल. निदान त्याच्या डोक्यावर छप्पर माझ्या सहीने राहावे. थोरलीला हे पटलेले नाही. तिने दोन दिवस माझ्याशीही अबोला धरला. तरी कलम तसेच ठेवले आहे.

कलम सहा. वर न लिहिलेले आणि ज्याला ठेवले त्याला न मिळालेले सर्व थोरलीचे.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, समजून सही केली. ठिकाण: दुकान, कामाचे टेबल. सोमवार, सकाळचे साडेअकरा.

साक्षीदार क्रमांक एक: वकीलसाहेब. सही केली, बोटाला ग्रीस लागले, ते कागदावरही लागले आहे. ते खाडाखोड समजू नये.

साक्षीदार क्रमांक दोन म्हणून शेजारचा न्हावी यायचा होता. तो नेहमीप्रमाणे "आलोच" म्हणून गेला. तेवढ्यात धाकटा आला. आत्याने त्याला कळवले असणार, तिच्या पोटात काही राहत नाही. त्याने ही पाने उभ्याउभ्या वाचली, शेवटपर्यंत. मग टेबलावरचे पेन उचलून साक्षीदाराच्या जागी सही केली.

वकीलसाहेब ओरडलेच. "अहो, काय केलंत! साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळत नाही. खोल्या गेल्या तुमच्या, कलम सहाप्रमाणे त्या आता ताईंच्या!"

तो म्हणाला, "माहीत आहे. कायदा वाचतो मी. कधीकधी." मग माझ्याकडे वळला. "आई, हरकत तू घेऊ नकोस. चूक माझी आहे, मीच लेखी कळवतो. आज."

थोरली ट्यूब पाण्यात धरून बसली होती. तिने मान वर न करता विचारले, "आणि राहशील कुठे?" आठ महिन्यांतले पहिले वाक्य.

त्याने पेन टेबलावर परत ठेवले.

"दोन खोल्या आहेत," ती म्हणाली, "मला दोन कशाला लागतात?"

मला रडू आले, हे इथे नोंदवते. डोके ठिकाणावर असतानाच आले. वकीलसाहेब कागद नव्याने करू म्हणाले, मी नको म्हटले. आहे तसाच राहू दे.

साक्षीदार क्रमांक दोन: सही आहे. नाते: मुलगा. हुद्दा: ही जागा त्याने कोरी सोडली आहे.