मुक्या गाडीचे शनिवार

शनिवार, १५ मार्च

सकाळी तुळशीला पाणी घातलं, मग अर्थिंगच्या खड्ड्याला. वायरमन बजावून गेलाय. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की चार्जरवर लाल दिवा लागतो, विजेवरची गाडी करंट घेत नाही. खाली मीठ-कोळसा, वरून बादलीभर पाणी. शेजारची महानंदा अक्का कुंपणावरून बघत होती. "बाई, ह्या खड्ड्यात काय लावलंय?" म्हटलं, नवरा लावलाय. शनिवारी उगवतो.

दिवे लागायच्या वेळी हे आले. मी भाकरी थापत होते. वळून बघते तर दारात उभे. केवढ्यानं दचकले! गाडीला आवाजच नाही. बदलीआधी विकली ती जुनी डिझेलची चौकात वळली की आत्याबाई ओट्यावरून हाक द्यायच्या, "दिगू आला गं, चहा टाक." मोतीबिंदूनं त्यांना दिसत नाही, लेक त्यांना कानांनीच कळायचा. आज विचारतात, "कोण हाय आत?" म्हटलं, तुमचा लेक.

"मग चोरावानी कामून आला?"

चार्जरवर हिरवा दिवा लागला. खड्डा पावला म्हणायचं.

रविवार, १६ मार्च

एक दिवस मिळतो, त्यातला अर्धा गाडी पुसण्यात. उरलेला अर्धा जेवण आणि झोप. मी आपली मधे मधे चहा घेऊन जाते, म्हणजे दोन शब्द होतात. निघाले तेव्हा बॅटरी शंभर टक्के, पोचले तेव्हा अकरा, हे दोनदा सांगितलं. मी विचारलं, कंपनी तर म्हणते कितीतरी जास्त जाते? "कंपनी एसी बंद करून सावलीत चालवत असंल." स्वतःच हसले. हसले की अजून तसेच दिसतात, लग्नातल्यासारखे.

यांची गुलबर्ग्याला बदली होऊन चौथं वर्ष. माझी शाळा इथे औरादला, आत्याबाई ओटा सोडून हलायला तयार नाहीत. बसनं यायचं तर बिदरला उतरा, दुसरी धरा, उभ्यानं या. महिन्यातून एकदा यायचे. संक्रांतीला गाडी घेतली ती याच बोलीवर, की आता दर शनिवारी. इथल्या बस स्टँडवर पेढे वाटले. कंट्रोलरला दोन जास्त दिले आणि मोठ्यानं म्हणाले, "आता आपली भेट न्हाई हो!" सगळा स्टँड हसला. मीही हसले.

रविवार, ३० मार्च. पाडवा

गुढीला हार, गाडीला हार. लेकीनं पुण्याहून फोनवर सांगत सांगत गाडीचं अ‍ॅप माझ्याही मोबाइलमध्ये टाकायला लावलं. गाडी कुठे आहे त्याचा निळा ठिपका दिसतो, खाली चार्जिंगचे टक्के. मला म्हणते, "आई, आता बाबांवर लक्ष ठेव." आगाऊ आहे.

माझा भाऊ उदगीरहून आला होता. भर पंगतीत म्हणाला, "भावजी, डिझेल ते डिझेल. ही बंद पडली तर ढकलून बी चालू व्हत न्हाई." हे हसले, पण ओठांपुरते. भावाचा राग आला. गाडीला नावं ठेवली की मला माझ्या शनिवारांना नावं ठेवल्यासारखं होतं.

गावात गाडीला "मुकी" नाव पडलंय. सरांची मुकी. सर म्हणजे हे.

शनिवार, ५ एप्रिल

निघाले असा दुपारी फोन. ठिपका सरकताना बघत बसले, चष्मा लावून. कमलापूर, हुमनाबाद. मग बिदरकडे वळायचं सोडून हायवेनं सरळ. म्हणजे चार्जिंग कमी पडलं, मन्नाएखेळ्ळीच्या हॉटेलात चार्जर आहे तिकडे वाकडी वाट. तिथे थांबला. १४ टक्के. थांबला तो थांबलाच.

संध्याकाळी फोन. "इथला चार्जर बंद हाय. बघायलोय काहीतरी." मग ठिपकाही गेला. अ‍ॅप म्हणतं, गाडीशी संपर्क नाही.

वांग्याची भाजी तशीच. आ. बाई जेवल्या नाहीत, मीही.

रविवार, ६ एप्रिल

सकाळी फोन आला. गुलबर्ग्याच्या खोलीवर पोचले. कसे, ते नाही सांगितलं. मला महानंदा अक्कानं सांगितलं. तिचा दीर हैदराबादहून येताना बसमधून बघून आला. "सरांची मुकी ट्रकवर चढवून गुलबर्ग्याकडं चालली होती की." औरादला बातमी माणसाच्या आधी पोचते.

शाळेत उद्या सगळे विचारणार. विचारू दे.

शनिवार, १२ एप्रिल

आले नाहीत. गाडी दुरुस्तीला. मोठी बॅटरी ठीक आहे, बारा व्होल्टची छोटी बसली म्हणे. ती बसली की मोठीत कितीही असो, गाडी जागची हलत नाही, दारसुद्धा उघडत नाही. मोठ्याचं घर आणि किल्ली धाकट्याकडे.

सवयीनं खड्ड्यात पाणी घातलं.

शनिवार, १९ एप्रिल

आले नाहीत. फोनवर म्हणाले, "खोलीवरचा प्लग जळालाय. चार्जिंगच न्हाई तर येऊ कसा?" मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि अ‍ॅप उघडलं.

९१ टक्के.

परत बंद करून उघडलं. ९१.

परत फोन लावला नाही. शाळेला सुट्टी लागलीय, दिवस लांबच लांब. दुपारी कैऱ्या चिरत बसले आणि चिरता चिरता रडू आलं. आ. बाईंना म्हटलं, कांदा चिरतेय. त्या म्हणाल्या, "वास तर कैरीचा यायलाय." मला हा माणूस इथे पाहिजे आहे, बस. ओट्यावर बनियनवर बसलेला, पेपर उलटासुलटा घडी घालणारा. बावन्नाव्या वर्षी असं लिहायला लाज वाटते. वाटू दे.

गुरुवार, २४ एप्रिल

नाही नाही ते मनात येतं. ऑफिसात कोण कोण आहे, खोलीच्या मालकिणीचं वय काय. शी!

शनिवार, २६ एप्रिल

आजचं कारण ऊन. ठिपका खोलीवर, ९५.

फोन आ. बाईंनी घेतला. कानाला उलटा लावून ओरडल्या, "गाडी येत न्हाई तर बसनं ये की रं! पाय मोडलेत का तुझे?" मी फोन घेतला. यांनी ना आईची तब्येत विचारली, ना माझी. विचारलं काय, तर "स्टँडवर काय म्हणायलेत लोक गाडीचं?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. तो कंट्रोलर. ते दोन पेढे. "आता आपली भेट न्हाई हो." अरे देवा! ज्या स्टँडचा निरोप घेतला तिथे पिशवी घेऊन कसं उतरायचं, म्हणून हा माणूस महिनाभर घरी आलेला नाही. आणि गाडी काढायची तर आता भीती बसलीय.

आधी हसू आलं. मग असा राग आला की पातेलं आपटलं. मग वाईट वाटलं. मी म्हणजे मन्नाएखेळ्ळीच्या हॉटेलापेक्षाही लांब झाले का त्यांना?

शनिवार, ३ मे

आ. बाईंना महानंदा अक्काच्या हवाली करून मीच निघाले. सकाळची बस, बिदरला बदलून गुलबर्गा. दार उघडून बघतच राहिले. "तू कामून आलीस?" म्हटलं, कामून म्हणजे? नवऱ्याकडे यायला अर्ज करायचा असतो का?

खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर दोन शर्ट. भिंतीवरचा प्लग चांगला पांढराशुभ्र. जळाल्याची खूण नाही. मी त्याच्याकडे बघितलं, यांनी मी बघताना बघितलं. गाडी खाली कापडाखाली झाकलेली. धूळ पुसायच्या निमित्तानं रोज उतरतात, असं मालकीणबाईंनी सांगितलं. सत्तरीच्या आहेत. मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

रात्री म्हटलं, उद्या आपण गाडीनंच जायचं.

"रस्त्यात बंद पडली तर?"

"पडू द्या की. मी हाय संगट."

रविवार, ४ मे

पहाटे निघालो. एसी बंद, काचा खाली, पदर डोक्याला गच्च. आकडा उतरायला लागला की यांचे हात स्टिअरिंगवर आवळायचे. मी आकड्याकडे बघायचंच नाही ठरवलं, यांच्याकडे बघत राहिले. कानामागे केस पांढरे झालेत. कधी झाले, मला माहीतच नाही.

बिदरपर्यंत सरळ जाता आलं असतं. यांनीच गाडी मन्नाएखेळ्ळीला घेतली. चार्जर आज चालू, पण नळी एकच आणि आमच्या पुढे हैदराबादची टॅक्सी. लिंबाखाली बाकड्यावर बसलो. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, हॉटेलातून मिरची-भजी आली.

तिथेच बोलले. माझ्याकडे न बघता, हायवेकडे तोंड करून.

"स्क्रीन काळी झाली. काच उतरंना, दार उघडंना. माणसं काचेवर टकटक करून बघून जायलीत आन मी आत, डब्यात बसल्यावानी. शेवटी दाराची कसली तरी कडी घावली."

"मला कामून न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? सगळ्यायला मीच सांगत फिरलो, लई चांगली गाडी हाय म्हणून. तुला बी."

मी त्यांच्या ताटलीत चटणी वाढली. दुसरं काय करायचं असतं अशा वेळी, कोणी शिकवलं नाही.

टॅक्सी गेली, आमची नळी लागली. आकडा मुंगीच्या पावलानं चढत होता. यांनी लहानपणीची गोष्ट सांगितली, आईबरोबर गाणगापूरला जाताना बस बंद पडली आणि सगळी बस उतरून रस्त्यावर जेवायला बसली, ती. मग शाळेचं, लेकीचं, माझ्या गुडघ्याचं. चार वर्षांत इतका वेळ आम्ही शेजारी शेजारी बसलो नव्हतो. माझं लक्ष आता त्या आकड्याकडे गेलं. ६०, ६१. वाटत होतं, भरू नये. एखादा टक्का उतरला तरी चालेल.

औरादच्या चौकात म्हटलं, हॉर्न वाजवा. वाजवला. ओट्यावरून आवाज, "दिगू आला गं!" आणि त्या भिंतीला धरून उठल्याही.

सोमवार, ५ मे

पहाटे गेले. पोचल्याचा फोन आला. "येतो शनिवारी," म्हणाले. आधी "दर" म्हणायचे. तो शब्द आज नव्हता.

शनिवार, १० मे

नाही आले. चार्जरवाल्या हॉटेलात फोन केला, कोणी उचलला नाही, म्हणून निघाले नाहीत. यावेळी कारण खरं होतं. खऱ्या कारणानंही माणूस येत नाहीच.

गुरुवार, १५ मे

आज बोलून टाकलं. किती दिवस गिळायचं? म्हटलं, "गाडी आली काय, न आली काय, मला तिच्याशी काही देणंघेणं न्हाई. तुम्ही या. बसनं या. कंट्रोलर हसला तर मी बघते त्याच्याकडं. त्याची पोरगी माझ्या वर्गात हाय."



"बघू," म्हणाले.

मी या माणसाचे दोन "बघू" ओळखते. एक नाही म्हणायचा, दुसरा खरंच बघू. हा कुठला होता, कळलं नाही.

शनिवार, १७ मे

तुळशीला पाणी. खड्ड्यालाही घातलं. आज लागेल न लागेल.

दुपारपासून चारदा अ‍ॅप उघडलं. ठिपका गुलबर्ग्यात, खोलीवर. ९७ टक्के. हलत नाही. इतके शनिवार हा ठिपका हलला नाही की मोबाइल पालथा ठेवायचे. आज तोच बघून धीर येतोय. हलला नाही म्हणजे नेहमीचंच असेल, किंवा

दृष्ट लागेल, लिहीत नाही.

फोन लागत नाही. बसमध्ये कधी कधी रेंज जाते. त्या खोलीतही जाते.

भाकरीचं पीठ तिघांचं काढून ठेवलं. महानंदा अक्का विचारून गेली, "सर यायलेत का?" म्हटलं, माहीत न्हाई. हे मी पहिल्यांदाच खरं सांगितलं तिला.

आ. बाई ओट्यावर. "हॉर्न वाजला का गं?"

"आज हॉर्न न्हाई वाजायचा, आत्याबाई."

"मग यायचा कसा त्यो?"

स्टँड इथून हाकेच्या अंतरावर आहे. बिदरची बस वळताना गिअर बदलते तो आवाज ओट्यावर येतो.

आला. आ. बाई म्हणतात, "बस आली. कोण उतरलं, बग जा."

चप्पल घालते.