पुतळ्याच्या डोक्यावरची बत्ती

शिक्रापूर, रविवार, १९ जानेवारी २००३

आईला दौंडहून बोलावून पुण्याच्या म्युझियममध्ये दिव्यांचं प्रदर्शन दाखवायला नेलं, एवढंच तर केलं मी.

शेवटच्या दालनात प्लॅस्टरच्या पाच-सहा बाया रांगेनं उभ्या. प्रत्येकीच्या डोक्यावर गॅसबत्ती, आत बल्ब. वरात म्हणे! आम्ही लहान असताना आईनं लगीनसराईत अशाच बत्त्या डोक्यावर वाहिल्या. मला वाटलं, बघून खूश होईल.

ती म्हणाली, "चुंबळ कुठंय?"

"आई, पुतळे हायेत ते."

"मग? बत्ती रुतती न्हवं का बाईच्या डोक्याला!"

मला कळायच्या आत तिनं डोक्यावरचा पदर काढला, पिळून त्याची गोल चुंबळ केली आणि दोरी ओलांडून बत्तीला हात घातला. वॉचमन ओरडत धावला. माणसं हसली. मी नुसती बघत राहिले.

पदर. आईच्या डोक्यावरचा पदर मी आजवर कधी ढळलेला पाहिला नव्हता. आम्ही उठायच्या आत तिची वेणीफणी झालेली असायची. जुन्या वळणाची आहे, असंच मी समजत आले.

येताना एसटीत तो पदर पुन्हा कपाळापर्यंत ओढून ती निवांत झोपली.

त्या बत्त्यांच्या उजेडात जे दिसलं, ते डोळ्यांपुढून जात नाही. आईच्या टाळूवर एकही केस नाही. बरोब्बर चुंबळीएवढा गोल.