पोर्टलला बांधलेले दोरे

२ एप्रिल. सकाळ.
लाओसमधल्या सावन्नाखेत कस्टम्सचा माहिती विभाग, म्हणजे मी एकटाच. आजपासून मी बदललो. व्यापाऱ्यांनी थायलंडला जाणाऱ्या पुलाजवळच्या दलालांच्या दारात ताटकळणं बंद! कुठल्या मालाला कुठला दाखला, सगळं पोर्टलवर. सात तारखेला उद्घाटन. वेळ भरपूर आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
सगळ्या ऑफिसांच्या सुट्ट्यांचं पान तयार. भोवती चाफ्याच्या फुलांची नक्षी. झक्कास. बाकीची पानं उद्या.

४ एप्रिल.
बायकोला, मलिवनला, पहिलीच मोठी ऑर्डर. नदीपलीकडच्या थाई दुकानदाराला एप्रिलच्या मध्यावर येणाऱ्या नवीन वर्षाच्या आत आंबवलेल्या मासळीचे माठ हवेत. नंतर नकोत म्हणे. अंगणात पाय ठेवायला जागा नाही. तिनं विचारलं, मासळीला दाखला कुठला लागतो ते थोंगलाय दलालाला विचारून येऊ का? म्हटलं, खबरदार! माहिती अधिकाऱ्याची बायको दलालाच्या बाकावर? सगळं पोर्टलवर येतंय. म्हणाली, मग तुम्हीच सांगा की आत्ता. म्हटलं, तोंडी माहितीचे दिवस गेले.
(दाखला कुठला ते बघायला हवं.)

५ एप्रिल.
स्वागताच्या पानावर साहेबांचा फोटो. साहेब म्हणाले, कान मोठे दिसतात. दिवसभर कानच केले. मासळी उद्या नक्की.

७ एप्रिल.
उद्घाटन दणक्यात! इथल्या रिवाजाप्रमाणे गावातल्या जाणत्या आजोबांनी मंत्र म्हणून सगळ्यांच्या मनगटांना पांढरे दोरे बांधले. साहेबांनी उत्साहाच्या भरात लॅपटॉपलाही बांधले. मिटलेल्या लॅपटॉपला, उभे-आडवे. तीन दिवस सोडायचे नाहीत, नाहीतर बांधलेलं भाग्य निसटतं.

८ एप्रिल.
लॅपटॉप उघडत नाही. आजोबांना विचारलं, दोरा जरासा सरकवू का? म्हणाले, सरकव की, पण पोर्टल आजारी पडलं तर माझ्याकडे रडत येऊ नकोस. कशाला विषाची परीक्षा? कॉफी प्यायलो. मलिवनला सांगितलं, तांत्रिक कारण.

१० एप्रिल. दुपार.
दोरे सुटले! लगेच मासळीचं पान टाकलं: 'दाखल्याबाबत संबंधित अधिकाऱ्याशी संपर्क साधावा.' खाली माझाच नंबर. कसं सुटसुटीत!

११ एप्रिल.
'माहिती सर्वांच्या हाती' या विषयावर माझं भाषण. फोन बंद ठेवला होता. टाळ्या. घरी आलो तर टेम्पोतून गेलेले माठ पुन्हा अंगणात. दाखला नाही म्हणून पुलावरून परत पाठवले. मलिवनने वाट बघून बघून फोन केले म्हणे. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती माठ मोजत राहिली.

१२ एप्रिल. सकाळी लवकर.
टोपी डोळ्यांवर ओढून थोंगलायकडे गेलो. निव्वळ पाहणीसाठी. बाकावर मलिवन आधीच बसलेली. सरकली, मला जागा दिली. थोंगलाय म्हणाला, दाखला देणारं ऑफिस कालपासून बंद, आता नवीन वर्ष झाल्यावरच. मी चढ्या आवाजात म्हटलं, कोण म्हणतं? त्यानं मोबाइल पुढे केला. चाफ्याची फुलं. माझंच पान.
थोंगलाय म्हणाला, साहेब, हे मात्र अगदी चोख केलंत हं.
मलिवनने ते पान शेवटपर्यंत वाचलं. मग उठली. म्हणाली, चला, ऊन चढायच्या आत माठ घरात घ्यायचेत. उचलायचे तुम्ही.