सहा फुटी समुद्राला योग्य स्किमर

२० जून १९८६
आजपासून रोजनिशी. शास्त्रीय काम करणाऱ्या माणसाने नोंदी ठेवायलाच हव्यात.
ओटीवर टाकी बसवून दोन महिने झाले. सहा फूट लांब. पाणी मांडवीच्या किनाऱ्यावरचं. आत पोवळ्याचे जिवंत खडक, एक समुद्रफूल आणि मुंबईहून आणलेले सहा मासे. अख्ख्या रत्नागिरीत कुणाच्या ओटीवर समुद्र नाही.
पाणी किंचित पिवळं दिसतं. वर साय धरते. तुळसा म्हणते, वास येतो. बायकोचं नाक पहिल्यापासूनच फार तीक्ष्ण आहे.

२४ जून, दुकानात
उपाय सापडला! मेव्हणा दादू बोटीवर इंजिनरूममध्ये असतो, त्याने मागे आणलेल्या परदेशी मासिकात होता. प्रोटीन स्किमर. उभी नळी असते. खालून बारीक बुडबुडे सोडायचे. पाण्यातली घाण बुडबुड्यांना चिकटते, वर फेस होतो, फेस कपात सांडतो, कप मोरीत रिकामा करायचा. संपलं.
मी पंधरा वर्षं रेडिओ दुरुस्त करतोय. मला हे वाचताक्षणी समजलं.
घाई करायची नाही. योग्य साइजचा स्किमर निवडायचा. आठ दिवस पुरे.

२८ जून
देव आहे. दादूचं पत्र. त्याची बोट हॅम्बुर्गला दुरुस्तीला लागली आहे. 'भावोजी, इकडून काही आणायचं का?' ताबडतोब तार करून कॅटलॉग मागवला.
आप्पा शेजारून आले, नाकाला धोतराचा सोगा लावून. म्हणाले, "लवू, कायतरी मेलंय रे तुझ्याकडे." मी म्हटलं, समुद्राचा वास असाच असतो. आप्पांचा जन्म मांडवीवर गेला. पण वाद घातला नाही, हे बरं केलं.

९ जुलै
कॅटलॉग आला. तीन साइज. छोटा कमी पडेल. मधला पुरेल, पण नुसता पुरेल. मोठा जरा जास्त.
निर्णय: मधला.

९ जुलै, संध्याकाळी
निर्णय: मोठा. मासिकात एक जण लिहितो, स्किमर नेहमी गरजेपेक्षा मोठाच घ्यावा. त्याच्याच खाली दुसरा लिहितो, अति मोठा घेतला तर फेस धरत नाही. दोघेही जर्मन. काय करायचं माणसाने?
टाकीत पाणी नक्की किती ते आधी काढायला हवं. काढलं. मग खडकांनी अडवलेली जागा वजा केली. मग परत काढलं. दरवेळी उत्तर वेगळं. खडक असमान आहेत, त्याला माझा इलाज नाही.

११ जुलै
निळा मासा गेला. मूळचाच अबोल होता.

१२ जुलै
परदेशी कशाला? आपण स्वतः करू! प्लास्टिकचा पाइप दुकानात आहे. हवेचा पंप आहे. बारीक बुडबुड्यांसाठी लाकडाचा तुकडा लागतो, त्याच्या रंध्रांतून हवा येते. मासिकात लाकडाचं नावही आहे. लाइमवुड. म्हणजे लिंबाचं लाकूड. परसात तुळसाने लावलेलं कागदी लिंबू आहे. फक्त एक फांदी घेतली. खालची. जाड.
तुळसाने फांदीवरची लिंबं वेचून परडीत भरली. पटलेलं दिसतं.

१४ जुलै
बुडबुडे बोराएवढे येतात. फेस नाही. पाण्यावर तेलकट तवंग. लाकूड बहुतेक ओलं असावं. उद्यापर्यंत वाळेल. (पाण्यात वाळणार नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.)

१५ जुलै
दोन मासे कुशीवर. दुपारी गेले.
पाइप काढून परसात टाकला. तिथे झाडाकडे बघवलं नाही. फांदी कापल्यावर झाड इतकं लहान दिसेल असं वाटलं नव्हतं.

१६ जुलै
आप्पांच्या घरी ट्रंक कॉल आला. धावत गेलो. दादू. लाइन खराब, मला ओरडून सगळं सांगावं लागलं. तो आधी हसला. मग म्हणाला, "भावोजी, ते लाइम म्हणजे आपलं लिंबू नव्हे हो. इकडे त्या नावाचं वेगळंच झाड आहे." मग म्हणाला, "परवा बोट सुटते. कुठला घेऊ सांगा. लहान, मधला, का मोठा?"
मी म्हटलं, उद्या कळवतो.
फोन ठेवल्यावर आप्पांनी विचारलं, "एवढा जर्मनीहून फोन आला, आणि उद्या कळवतो?"
घाईत घेतलेले निर्णय चुकतात, हे आप्पांना या वयात काय सांगायचं.

१७ जुलै
रात्रभर विचार केला. मधला. मोठा. मधला.
सकाळी ओटीवर आलो तर तुळसा टाकीसमोर पाटावर बसलेली. ती कधी टाकीजवळ बसते हे मला माहीत नव्हतं. दोन नारिंगी मासे आहेत ना, पांढऱ्या पट्ट्यांचे, ते समुद्रफुलाच्या झिरमिळ्यांत तोंड खुपसून होते. ती म्हणाली, "दोन दिवस झाले, खात नाहीत. पण एकमेकांना सोडत नाहीत बघा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काहीतरी करा हो. काहीही करा, पण करा."
पोस्टात गेलो. तार केली. एकच शब्द. 'बिगेस्ट.'
छातीवरचं ओझं उतरलं. निर्णय असा घ्यायचा असतो.

३० जुलै
तोपर्यंत रोज मांडवीहून दोन कळशा पाणी आणतो, टाकीतलं तेवढंच काढून टाकतो. पावसाचं पाणी खाडीतून येऊन समुद्र गढूळ, म्हणून भरतीला जावं लागतं. खांदे गेले. दुकान अर्धा दिवस बंद असतं. गिऱ्हाइकं चिडतात. मासे मात्र खायला लागले.
हा तात्पुरता उपाय आहे. शास्त्रीय नाही. स्किमर आला की बंद.

१९ ऑगस्ट
आला! एसटीच्या टपावरून. दादूने मुंबईहून पाठवला. दोघांनी उतरवला. ड्रायव्हर म्हणाला, "काय आहे हे, तोफ?"
सुंदर वस्तू. काचेसारखी स्वच्छ नळी, वर कप. आडवा ठेवला तर ओटीच्या या भिंतीपासून जवळजवळ त्या भिंतीपर्यंत.
उभा राहत नाही. वर पोटमाळ्याच्या फळ्या आडव्या येतात.
कॅटलॉगमध्ये उंची दिली होती. पण सेंटिमीटरमध्ये.

२० ऑगस्ट
तिरका ठेवून बघितला. फेस एका बाजूने चढतो आणि परत खाली येतो. परत पाठवावा तर बोट आता कुठे असेल देव जाणे. कळशा आणायला गेलो नाही, खांदा उचलत नाही. पाणी पुन्हा पिवळं. मोठ्या पट्टेरी माशाचे कल्ले जोरजोरात हलतात. माझ्याने बघवेना.
उपाय एकच. नळी उंच आहे तर घर उंच केलं पाहिजे.

२१ ऑगस्ट
धाकू सुताराला बोलावलं. पोटमाळ्याच्या दोन फळ्या काढल्या, वरची चार कौलं काढली. नळी छपरातून हातभर बाहेर. कप रिकामा करायला शिडीने चढायचं. भोवती प्लास्टिकचा कागद गुंडाळून सुतळीने घट्ट आवळला.
तुळसा म्हणाली, "नारळी पौर्णिमा सरलीय, पाऊस नाही सरलेला. गणपती होईपर्यंत तरी थांबा." मी म्हटलं, मासे थांबणार आहेत का?

२२ ऑगस्ट
यश! यश! सकाळी कपात कोऱ्या चहासारखं काळं पाणी, वर करडा फेस, असा वास की शिडीवरून पडायचा बाकी होतो. एवढी घाण माझ्या माशांच्या अंगाभोवती होती!
आप्पांना कप दाखवायला नेला. त्यांनी दार लावून घेतलं.
संध्याकाळी पाणी खरंच निवळलं. नारिंगी जोडी पुढे आली, काचेशी. तुळसाने कोलंबीचे बारीक तुकडे टाकले. ती हसली. मला म्हणाली, "जमलं हो तुम्हांला." आम्ही दोघं जेवण बाजूला ठेवून तिथेच बसलो. असे आम्ही कधी बसलो होतो आठवत नाही.

२४ ऑगस्ट
कालपासून संततधार. प्लास्टिक तग धरून आहे. एखादा ओघळ नळीवरून उतरतो, तेवढं चालायचंच.
फेस कमी झाला. अर्थ स्पष्ट आहे: घाण संपत आली.

२५ ऑगस्ट, सकाळी
फेस पूर्ण बंद. कप कोरडा. टाकी शंभर टक्के शुद्ध!! जर्मन यंत्राला चार दिवस लागले. दादूला कळवायला हवं.
पाणी काठोकाठ आहे. जमिनीवर ओल. यंत्राने पाणी हलकं होऊन फुगत असावं. वाचून बघतो.

२५ ऑगस्ट, दुपारी
तुळसा जमीन पुसत होती. उठली, टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं. मग म्हणाली, "अहो, हे अळणी झालंय."
मी चाखलं.
वर बघितलं. प्लास्टिकचा कागद सुतळीपाशी फाटलेला. छपराचं सगळं पाणी नळीच्या अंगावरून सरळ टाकीत. दोन दिवस.
गोड्या पाण्याला फेस येत नाही.

२५ ऑगस्ट, नंतर
घरातलं सगळं जाडं मीठ ओतलं. वाण्याकडून आणखी आणलं, तेही ओतलं. मीठ तळाशी जाऊन बसलं. हाताने ढवळलं. पाणी दुधासारखं झालं, काही दिसेना. कळशा घेऊन मांडवीला पळालो. समुद्र चहासारखा. लाट अंगावर आली, एक कळशी गेली. दुसरी भरून आणली तोवर पट्टेरी वर तरंगत होता. तिकडे तुळसाने परातीत थोडं पाणी घेऊन नारिंगी जोडी त्यात ठेवली होती आणि जवळ बसून वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत होती. मी विचारलं, वारा कशाला? ती म्हणाली, "मग काय करू सांगा."
दुसरी वही घेऊन मीही वारा घालायला बसलो.

२६ ऑगस्ट
एक पहाटे गेला. दुसरा त्याच्या भोवती फिरत होता. दुपारी तोही.
समुद्रफूल विरघळून खडकाला चिकटलंय. धाकू येऊन कौलं बसवून गेला. नळी आडवी करून पडवीत ठेवली.

२९ ऑगस्ट
दुकान उघडलं. दोन रेडिओ केले. टाकी अजून भरलेली आहे. मीठ खाली बसलं, वरचं पाणी निवळलं. आरपार भिंत दिसते.
दादूचं मुंबईहून पत्र आलंय, स्किमर नीट पोचला का म्हणून. तुळसा उत्तर लिहायला बसली. पेन हातात धरून विचारलं, "काय लिहू?"
मी म्हटलं, लिही, यंत्र उत्तम आहे. निवड योग्य होती.
तिने तेवढं लिहिलं. मग दादूचं पत्र पुन्हा उलगडलं. म्हणाली, "मासे कसे आहेत, असंही विचारलंय त्याने."
मी म्हटलं, लिही, पाणी अगदी स्वच्छ आहे.