सामनेवाली आमच्याच स्वयंपाकघरात

९ फेब्रुवारी

पाय मोडला! उजवा. घोट्यापाशी, दोन ठिकाणी. वन्संना साधं खरचटलंसुद्धा नाही.

११ फेब्रुवारी

काल ऑपरेशन झालं. आत पट्टी आणि स्क्रू बसवलेत. भूल उतरल्यावर मी पहिलं विचारलं म्हणे, "संध्याकाळची बॅच कोणी घेतली?" हे प्रत्येक नर्सला सांगत सुटलेत. सांगू देत. इतकी वर्षं तलावावर बायकांना पोहायला शिकवतेय, तोंडात दुसरं काय येणार?

झालं ते असं. वन्सं मला तलावावरून घरी सोडत होत्या. पन्नाशीला मोटारसायकल शिकलेली नणंद माझ्याच नशिबी यायची होती! मी मागे बसून नव्या बाईंची गंमत सांगत होते. त्यांना पोहायला शिकायचंय, पण केस न भिजवता! दोघी खिदळत होतो. वळणावर गाद्यांचा टेम्पो उभा होता, मागचं फळकं उघडं. धाडकन! वन्सं उडाल्या त्या थेट गाद्यांवर. मी रस्त्यावर. हेल्मेट होतं म्हणून डोकं शाबूत आहे.

गाद्यांवर बसल्या बसल्या वन्संचं पहिलं वाक्य — "हा टेम्पो इथे उभाच का?"

१५ फेब्रुवारी

विमा कंपनीचा माणूस हॉस्पिटलात. फळं घेऊन! "ताई, इथे सही करा, थोडेफार पैसे लगेच मिळतील, उगाच कटकट नको." मी पेन हातात घेतलंही होतं. वन्संनी कागद ओढला. गणिताची मास्तरीण ती, शेवटची ओळ आधी वाचते. "ह्यात लिहिलंय, यापुढे काहीही मागणार नाही. पायाची सूज उतरली नाही आणि पुढचं सगळं सोडून द्यायचं? अक्कल गहाण टाकलीय का आम्ही?"

माणसाला घालवला. फळं ठेवून घेतली. विमा वन्संच्याच गाडीचा, कंपनी त्यांचीच, पण मुलाहिजा कसला तो नाही!

३ मार्च

घरी आले. वन्सं बोचकं घेऊन आमच्याकडेच मुक्कामाला. शाळा सुटली की इथे. मला उठू देत नाहीत, ह्यांना बसू देत नाहीत. "दादा, उशी. दादा, गरम पाणी. दादा, ते नको, दुसरं." हे हल्ली झाडांना पाणी घालायला जातात ते तासभर येतच नाहीत. कुंड्या चारच आहेत.

९ मार्च

डॉक्टर म्हणाले, हाड सरळ जुळत नाहीये. वर्षाच्या आत दुसरं ऑपरेशन हवं. नाहीतर पाऊल असंच वाकडं राहणार. चालता येईल, पण पाण्यात पाय मारता येणार नाही. आणि बुडणारीला ओढून काढता येत नाही तिला तलावावर कोण ठेवील? साठवलेलं सगळं पहिल्या ऑपरेशनातच गेलं.

घाबरले. खोटं कशाला लिहू?

१२ मार्च

वकीलबाई घरी येऊन गेल्या. बोलतात कशा, खणखणीत! "मागे बसणाऱ्याच्या हातात हँडल नाही, ब्रेक नाही. चूक कोणाचीही असो, तुमची नाही. भरपाई तुमचा हक्क आहे, कोणाचे उपकार नाहीत."

मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, "मग केस कोणावर घालायची?"

वकीलबाईंनी चष्म्यावरून वन्संकडे बघितलं. वन्सं चहा ओतत होत्या. सगळा बशीत.

मी म्हटलं, जन्मात नाही! नणंदेवर केस? लोक तोंडात शेण घालतील. वकीलबाई हसल्या. "नाव ह्यांचं, पैसे विम्याचे. दर वर्षी हप्ता भरतात तो कशासाठी?" तरी मी नाहीच म्हणत होते. मग वन्संच म्हणाल्या, "वहिनी, घाल. बिनधास्त घाल माझ्यावर केस. पाय सरळ झाला पाहिजे."

काय हे माणूस! डोळे भरून आले माझे.

२० मार्च

अर्जाची प्रत आली. वन्संनी मोठ्याने वाचायला घेतली. "सामनेवाला क्रमांक एक यांनी वाहन बेदरकारपणे व निष्काळजीपणे चालवून—" आणि थांबल्या.

"बेदरकार? मी?"

हे उठून कुंड्यांकडे गेले.

"चाळीसच्या वर काटा जाऊ देत नाही मी! वळताना हात दाखवते!" मी म्हटलं, अहो वन्सं, तो कायद्याचा शब्द आहे. "कायद्याचा असेल. माझा नाही."

नाकावर माशी बसू देत नाहीत. शाळेतही तसंच म्हणे, बाईंचं उत्तर चुकलं तर पुस्तकात चूक निघते!

२१ मार्च

सामनेवालीने आज भाजीत मीठ घातलं नाही.

२२ मार्च

आज दोनदा घातलं.

१८ एप्रिल

प्लास्टर निघालं. पाय बघवत नाही, बारीक आणि पांढराफटक. वन्सं शेजारी बसून व्यायाम करून घेतात. "बोटं वर. खाली. परत. आळशीपणा चालणार नाही." इतक्या हलक्या हाताने पाऊल धरतात! केसचं नाव काढलं की मात्र तोंड फिरवतात.

५ मे

बॅचमधल्या बायका भेटायला आल्या. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. नवी मास्तरीण शिट्टीच वाजवत नाही, अशी तक्रार. आणि हद्द म्हणजे — केस न भिजवणाऱ्या बाईंचं डोकं भिजलं! पाय घसरला, बुडाल्या, वर आल्या, आणि म्हणाल्या, "अय्या, एवढंच?" आता बाहेर निघायचं नाव घेत नाहीत. सगळ्यांनी पलंगाभोवती उभं राहून हवेत हात मारून दाखवले. एकीचा हात ह्यांच्या चष्म्याला लागला. पोट दुखेपर्यंत हसले.

"पाय बरा करून लवकर या," म्हणाल्या. येते म्हटलं.

३० जून

वन्सं आज शाळेतून आल्या त्या तरंगतच. विमा कंपनीचा वकील त्यांना भेटायला गेला होता! "म्हणाला, तुमच्यासारखं जपून चालवणारं माणूस मी पाहिलं नाही. म्हणाला, कोर्टात आमच्या बाजूने या आणि फक्त खरं सांगा, की तुमची चूक नव्हती." पार हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय. मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? "म्हटलं, येते की."

वकीलबाईंना फोन केला. म्हणाल्या, "चालवणारीची चूक नाही असं ठरलं, तर तुमच्या हातात काही पडणं कठीण आहे."

म्हणजे पाय वन्संच्या जिभेवर आहे.

१ जुलै

संतापले. वन्संशी बोलले नाही. त्यांनी तरीही व्यायाम करून घेतला. मुकाट्याने बोटं वर, बोटं खाली.

४ सप्टेंबर

आज साक्ष झाली. सगळं लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

एकाच घरातून, एकाच गाडीतून गेलो. कोर्टाच्या दारात वन्संनी माझ्या कुबड्या धरल्या, मला पायऱ्या चढवल्या, आणि मग जाऊन समोरच्या बाजूला बसल्या. हे मधल्या बाकावर. बिचारे! कोणाकडे बघावं कळेना.

कंपनीचा वकील लोण्यासारखा. "तुम्ही जपून चालवता ना, मॅडम?" "अर्थात." "वेग?" "चाळीसच्या आत." "म्हणजे अपघातात तुमची काहीच चूक नव्हती."

वन्संनी माझ्या पायाकडे बघितलं. चांगला वेळ बघितलं.

"चूक माझी होती," म्हणाल्या. "टेम्पो उभा होता. उभ्या टेम्पोची काय चूक? मी समोर बघत नव्हते."

ह्यांच्या हातातली पाण्याची बाटली पडली. पन्नासएक वर्षांत बहिणीच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं त्यांनी!

वकील चपापला. "मग बघत कुठे होतात?"

"वहिनीकडे."

"आरशात?"

वन्सं जराशा खोकल्या. "ती हसत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला हळू हस, हळू हस म्हणत आले. शेजारी ऐकतात म्हणून. पण ती हसायला लागली की मला बघत राहावंसं वाटतं. त्या दिवशीही बघत राहिले."

वकिलाने लगेच झडप घातली. "म्हणजे मागे बसलेल्या बाईंनी तुमचं लक्ष विचलित केलं!"

मग निघाला वर्गातला आवाज. "अहो, मागे बसणारीने हसावं, गावं, नाहीतर झोपा काढाव्यात! समोर बघणं कोणाचं काम? जिच्या हातात हँडल, तिचं. पाचवीतल्या मुलाला कळेल हे!"

न्यायाधीशांनी खाली मान घालून काहीतरी लिहिल्यासारखं केलं. खांदे हलत होते. वकील नणंद-भावजयांची मिलीभगत वगैरे म्हणायला लागला, तर आमच्या वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "साक्षीदार आपणच आणलात."

मी भर कोर्टात रडले. आणि रडता रडता हसू फुटलं, नेहमीचं, गडगडाटी. शिपाई म्हणाला, "बाई, हळू!" वन्संनी त्याच्याकडे असं बघितलं की तो दाराबाहेरच गेला.

घरी येताना मी त्यांचा हात सोडला नाही. "पुरे आता," म्हणाल्या. पण काढून घेतला नाही.

२९ सप्टेंबर

निकाल! मिळाली भरपाई. ऑपरेशन, बुडालेला पगार, सगळं धरून. हे कुंड्यांजवळ नाचले. मी स्वतः पाहिलं.

१३ ऑक्टोबर

दुसरं ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, आता सरळ. वन्संनी तीन वेळा विचारून खात्री करून घेतली, चौथ्यांदा डॉक्टर पळाले.

२४ डिसेंबर

पाण्यात उतरले! कठडा धरून पाय मारला. उजवा. गेला! हलका, सरळ, पहिल्यासारखा. बायकांनी टाळ्या पिटल्या. वन्सं काठावर टॉवेल घेऊन उभ्या, डोळ्यांत पाणी. विचारलं तर म्हणे क्लोरीन झोंबतंय.

२७ डिसेंबर

गॅरेजवाला वन्संची गाडी दुरुस्त करून सोडून गेला. जाताना म्हणाला, "बाई, आता तरी आरसे बसवू का? अपघाताच्या महिनाभर आधीच काढायला लावलेत. मागे बघायचंच कशाला, म्हणालात."

मी वन्संकडे बघितलं. वन्सं कुंड्यांकडे.

"मग त्या दिवशी मला बघत कशात होतात?"

"कशात म्हणजे? मान वळवून. पूर्ण. आरशात एवढंसंच दिसतं गं, वहिनी."