प्लेटवरची टिचकी

ता. ८ फेब्रुवारी

ती. मावशीस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे दोन मिनिटांत सांगितलं असतं, पण तू फोन उचलशील तर शपथ! जन्मभर एक्स्चेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिलीस आणि आता घरचा फोन तुला नकोसा. म्हणून हे पत्र.

मावशी, आम्हाला औषध सापडलंय! मी मासे झोपवते, असं तू गावभर सांगतेसच. झेब्राफिशची ही पिल्लं पापणीच्या केसाएवढी आणि आरपार दिसणारी, आतलं हृदयसुद्धा धडधडताना दिसतं. छोट्या छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये त्यांना सोडायचं, प्रत्येक खळग्यात वेगळं औषध घालायचं आणि वरून कॅमेरा लावायचा. ऑपरेशनच्या वेळी गाढ झोपवेल पण हृदयाला त्रास देणार नाही, असं काही आम्ही शोधतोय. इतके महिने पिल्लं आपली सुळसुळत होती. परवा एका खळग्यातली सगळी निपचित, आणि हृदयं ठणठणीत! मी उठून नाचलेच. आमचे सर कधी मान वर करत नाहीत, तेही हसले. पुढच्या चाचण्या बाकी आहेत, पण मला कुठला दम धरवतोय.

काका कळवतात की पित्ताशयाच्या ऑपरेशनला तू साफ नाही म्हणतेस. खडा नळीत अडकला तर जिवावर बेतेल, हे डॉक्टरांनी सांगूनही? आणि कारण काय, तर भुलीची भीती! माझ्या पिल्लांकडून शीक जरा.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
भिंगरी


ता. १७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या काकांना वाचून दाखवलं, मग शेजारणीला. मासे घोरतात का, असं ती विचारते. तिला काय उत्तर देऊ ते कळव. पोरी, तुझा फार अभिमान वाटतो मला.

आता एक सांगते, ते तुझ्या काकांनाही पुरतं ठाऊक नाही. तू अगदी लहान होतीस तेव्हा माझं अपेंडिक्स काढलं. टेबलावर मीही अशीच निपचित पडले होते. बोट हलेना, पापणी उघडेना. कान मात्र चालू होते. दवाखान्याच्या भिंतींना कुठला रंग द्यायचा यावरून डॉक्टरांची आणि सिस्टरची जुंपली होती. डॉक्टरांना पिवळा हवा होता, सिस्टर फिकट हिरव्यावर अडून बसल्या होत्या. दुखलं का, ते लिहीत नाही. नंतर सांगितलं तर स्वप्न पडलं असेल म्हणाले. पुढे तपासायला गेले तेव्हा भिंती फिकट हिरव्या होत्या.

म्हणून नाही म्हणते गं. मरणाचं मला काही वाटत नाही, पण तसं जागं पडून राहणं पुन्हा सोसायचं नाही.

आणि रागावणार नसशील तर एक विचारते. तुझी पिल्लं झोपली आहेत की नुसती पडून आहेत? त्यांना ऐकू येतंय का, हे कुणी पाहिलं का?

लिहिण्यात आळस करू नये.
तुझी
मावशी


ता. २ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून वाचलं आणि रडले. ‘पिल्लांकडून शीक’ म्हणे! जीभ चावावीशी वाटली.

आवाजाची चाचणी नंतर व्हायची होती, ती मी त्याच दुपारी केली. एका बाजूला नेहमीच्या भुलीच्या औषधातली पिल्लं, दुसऱ्या बाजूला आमची. प्लेटच्या कडेला टिचकी मारली. नेहमीच्या औषधातली ढिम्म हलली नाहीत, आणि ताज्या पाण्यात टाकल्यावर शेपट्या हलवत छान जागी झाली. आमची मात्र टिचकीसरशी ताडकन उडाली, जागेपणी उडतात त्याहून जोरात. पुन्हा टिचकी, पुन्हा तेच. ती झोपली नव्हती मावशी. ती सगळं ऐकत होती.

तोंड पाडून सरांकडे गेले. ते म्हणाले, हे माणसावर वेळ येण्याआधी पिल्लांनी सांगितलं, त्यांचे उपकारच मानायचे. आता आमच्याकडे पहिल्याच दिवशी टिचकी मारतात. केवढीशी ती पिल्लं, पण खोटं बोलत नाहीत. तूही बोलली नव्हतीस.

तुझी गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तू सांग, भूलतज्ज्ञांना, भिंतींच्या रंगासकट. हल्ली कपाळाला पट्टी लावून झोप किती गाढ आहे त्याचा अंदाज घेता येतो. शंभर टक्के हमी मी देणार नाही. पण ज्यांना तुझं ऐकायला वेळ नसेल, त्यांच्या टेबलावर तू झोपायचं नाहीस. मी येते आहे.

तुझ्या होकाराची वाट पाहणारी
भिंगरी


ता. २९ मार्च

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

ऑपरेशननंतर तू होतीस तेव्हा श्वासासाठी घशात घातलेल्या नळीमुळे आवाज बसला होता, धड बोलता आलं नाही. बाहेर बाकावर बसून तू सगळी नखं खाल्लीस, असं तुझे काका सांगतात. तेही काही कमी नव्हते, वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते म्हणे!

भूलतज्ज्ञ बाईंना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, तुम्ही झोपलात तरी मी मधूनमधून हाका मारीन. तिथेच माझा जीव भांड्यात पडला. ती बाई मोठी गुणाची, आणि तिच्याकडे मला ढकलणारी तूही.

आता शेजारीण रोज कान टवकारून येऊन बसते, आत काय काय झालं ते ऐकायला. माझ्याकडे सांगण्यासारखं काही म्हणजे काही नाही! कोण कुणाशी भांडलं, कुठला रंग ठरला, देव जाणे. इतक्या रिकाम्या हाताने परत यायचा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. तुझ्या पिल्लांना माझे आशीर्वाद सांग, आणि नवीन औषधाच्या मागे लाग.

माया आहे ती वाढती राहो.
तुझी
मावशी

ता. क. भूलतज्ज्ञ बाई आज घरी डोकावून गेल्या. टेबलावर त्यांनी मला पुष्कळ हाका मारल्या म्हणे. जन्मभर लोकांच्या हाकेला धावले गं, पण त्या दिवशी मी एकदाही ओ दिली नाही.